टेबल दरिद्री नाही

फेब्रुवारीच्या अखेरीस मराठी भाषा गौरव दिन येतो आणि त्याच्याबरोबर एक ठरलेला युक्तिवादही येतो. वक्ता इंग्रजीतला एखादा घरगुती शब्द उचलतो, बहुतेक वेळा ‘टेबल’च, आणि श्रोत्यांना विचारतो : जेवायला बसतो ते टेबल, मुलं पाठ करतात ते टेबल, शाळेच्या तासांचं टेबल, मूलद्रव्यांचं टेबल, जमिनीखालच्या पाण्याचं टेबल, पाचगणीच्या डोक्यावरचं टेबल. गोष्टी सहा आणि शब्द एक! आमच्याकडे मेज आहे, पाढा आहे, वेळापत्रक आहे, सारणी आहे, भूजलपातळी आहे, पठार आहे. मग गरीब भाषा कुणाची? टाळ्या पडतात. पाठोपाठ ‘अंकल’ आणि ‘राइस’ यांचीही हजेरी घेतली जाते. मराठी किती नेमकी आणि इंग्रजी किती गबाळी, असं समाधान घेऊन माणसं घरी जातात.

हे समाधान खोटं आहे. शिवाय ते मराठीला महागात पडणारं आहे, म्हणून ‘जाऊ दे, भाषेच्या प्रेमापोटी बोलतात’ असं म्हणून त्याकडे दुर्लक्ष करायला मी तयार नाही.

या युक्तिवादाचं पहिलंच गृहीतक तपासा. शब्द अपुरे पडले म्हणून इंग्रजीनं एकाच शब्दावर सहा अर्थ लादले, असं ते गृहीतक. पण यादीसाठी इंग्रजीत लिस्ट आहे, वेळापत्रकासाठी शेड्यूल आहे, तक्त्यासाठी चार्ट आहे, पठारासाठी प्लॅटो आहे, कामाच्या मेजासाठी डेस्क आहे. हे सगळे शब्द हाताशी असताना टेबलाचे अर्थ वाढले. म्हणजे टंचाई हे कारण नव्हे. कारण शोधायचं तर शब्दाच्या मागं जावं लागतं.

लॅटिनमध्ये ‘ताबुला’ म्हणजे फळी. रोमन लोक लाकडी फळीवर मेणाचा थर देत आणि टोकदार लेखणीनं त्यावर लिहीत. लेखणीचं दुसरं टोक चपटं असे. त्यानं मेण सपाट केलं की फळी पुन्हा लिहायला मोकळी. कायदे लिहायलाही फळ्याच होत्या. इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमारास रोमनांनी आपले कायदे चव्हाट्यावर मांडले, ते इतिहासात बारा फळ्यांचे कायदे म्हणूनच ओळखले जातात. फळीवर जे लिहायचं ते ओळी आणि रकाने आखून लिहिणं सोयीचं, म्हणून आखून लिहिलेल्या मजकुरालाच फळीचं नाव मिळालं. तिथून पाढे, वेळापत्रक, नेपियरनं १६१४ साली छापलेली आणि पुढं सुधारत जाऊन आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या हातात ‘लॉग टेबल’ म्हणून आलेली आकड्यांची कोष्टकं, मेंडेलीव्हची १८६९ची आवर्तसारणी. दुसरीकडे फळीवर जेवण मांडलं जात होतं, म्हणून जेवायचं मेज. मेजावर जे वाढलं जातं ते अन्न. आणि मेजाभोवती बसलेली मंडळीही. फळी सपाट असते, म्हणून डोंगराचा सपाट माथा आणि जमिनीखालच्या पाण्याची सपाटी. सोंगट्यांच्या पटालाही हाच शब्द होता. पट फिरवून खेळाडूंनी बाजू बदलल्या की हरणाऱ्याची बाजू जिंकणाऱ्याची होई. त्यावरून इंग्रजीत टेबल उलटवणं म्हणजे डाव उलटवणं. आपण ‘डाव उलटला’ म्हणतो तेव्हा आपणही खेळातूनच बोलत असतो.

ही एका फळीची हकिगत आहे आणि तिच्यात गबाळेपणा कुठंही नाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी नवी गोष्ट पाहिली, तिच्यात ओळखीच्या गोष्टीचा एक गुण दिसला आणि जुना शब्द पुढं चालवला.

आता आपली फळी पाहू. स्वयंपाकघरात डबे ठेवायची ती फळी. क्रिकेटमध्ये मधली फळी कोसळते. पक्षात दुसरी फळी तयार करायची राहून जाते. फळी वाढून वर्गात भिंतीवर गेली की फळा होतो. फारसीतला ‘तख्ता’ म्हणजेही लाकडी फळी. तो मराठीत ‘तक्ता’ होऊन आला आणि रकान्यांची मांडणी दाखवू लागला. ताबुलाचं टेबल झालं त्याच वाटेनं तख्त्याचा तक्ता झाला. पाढ्याचंही तेच. दोनचा पाढा असतो आणि सासरच्यांविषयीच्या तक्रारींचाही पाढा असतो. ‘पट’ घ्या : बुद्धिबळाचा पट, चित्रपटातला पट, दुप्पट-तिप्पट, आणि शाळेचा पट. २०११ साली राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा ती कशाची पडताळणी हे कुठल्याही पालकाला समजावून सांगावं लागलं नाही. पाटी मुलाच्या दप्तरात असते, दुकानाच्या दारावर असते, वाळू वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावर असते. पाट्या टाकणारा माणूस कामाचं काय करतो हे आपल्याला ठाऊक आहे. रोमनांची सपाट केलेली मेणाची फळी इंग्रजी विचारवंतांच्या लेखनात निरागस मनासाठी येते. आपण त्याच जागी ‘कोरी पाटी’ म्हणतो.

वक्त्यांच्या लाडक्या राइसकडे वळू. इंग्रजांकडे एक शब्द, आपल्याकडे साळ, तांदूळ, भात, हे खरं. पण कोकणातला शेतकरी भात लावतो, भात झोडतो, भात गिरणीत नेतो आणि दुपारी ताटात भात जेवतो. शेतातलं भात नपुंसकलिंगी आणि ताटातला भात पुल्लिंगी, एवढा धागा भाषेनं ठेवलाय. तोही सगळ्या वाक्यांत दिसत नाही. ‘भाताला पाणी घाल’ हे बांधावर म्हटलं की चुलीपाशी म्हटलं, त्यावरून ऐकणारा समजतो. त्याच कोकणात पठाराला ‘सडा’ म्हणतात, आणि त्याच कोकणात पहाटे अंगणात सडा घालतात. रत्नागिरीच्या कातळसड्यावरची शिल्पं पाहायला निघालेल्या माणसाला कुणी बादली घेऊन यायला सांगत नाही.

‘परवा’ हा शब्द तर या वक्त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडून ऐकावा. परवा आलो आणि परवा येईन. गेलेला दिवस आणि येणारा दिवस, दोन्ही एकाच शब्दात. काळाची इतकी टोकाची उलटापालट इंग्रजी टेबलातही नाही. तरीही परवाच्या लग्नाला कुणी चुकीच्या दिवशी गेल्याचं ऐकिवात नाही, कारण क्रियापद दिवस सांगून टाकतं. ‘लागणे’ या क्रियापदाला हात घातला तर एक लेख पुरणार नाही : भूक लागते, ठेच लागते, आग लागते, लग्न लागतं, नंबर लागतो, वेड लागतं, डोळा लागतो, दृष्ट लागते, वाट लागते, शहाळ्याचं पाणी गोड लागतं, मुलगा नोकरीला लागतो आणि तो नात्यानं आपला पुतण्या लागतो. अर्थांच्या संख्येवरून भाषेचं दारिद्र्य ठरवायचं असेल, तर हा निकष आधी आपल्यावर चालवावा लागेल.

अंकलचा मुद्दा निराळा आहे, म्हणून थोडक्यात. काका, मामा, मावसा, आत्याचे यजमान यांना वेगळे शब्द आहेत, कारण आपल्या घरांत मान, देणंघेणं आणि लग्नसंबंध या नात्यांनुसार ठरत आले. समाजाला जिथं भेद करायची गरज पडली तिथं भाषेनं शब्द दिले. कानडीत धाकट्या भावाला तम्म आणि थोरल्याला अण्ण असे स्वतंत्र शब्द आहेत; आपल्याला ‘धाकटा’ हे विशेषण लावावं लागतं. तेवढ्यावरून कुणी मराठीला कानडीपेक्षा कंगाल ठरवलं, तर ते आपण ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

संस्कृतची साक्ष काढणाऱ्यांनाही मोकळं सोडता येत नाही. ‘संस्कृतात प्रत्येक शब्द मोजूनमापून, एका अर्थाचा’ असं म्हणणाऱ्यांनी अमरकोशाचं तिसरं कांड उघडावं. त्यात नानार्थवर्ग नावाचा अख्खा वर्ग आहे आणि तो अनेक अर्थांच्या शब्दांसाठीच रचलेला आहे. ‘गो’ म्हणजे गाय, किरण, वाणी, पृथ्वी. हे अर्थ कोशकारांनी लपवले नाहीत. पाठ करून ठेवावं असं ज्ञान म्हणून पद्यात बांधले. श्लेष नावाचा अलंकार या नानार्थांवरच उभा आहे. एका शब्दाच्या अनेक अर्थांची लाज वाटावी, हा विचार आपल्या परंपरेतला नाही.

आधुनिक भाषाविज्ञानानंही हीच दिशा दाखवली. मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकानं १८९७ साली आपल्या ग्रंथात अनेकार्थतेला ‘पॉलिसेमी’ हे नाव दिलं, आणि शब्दाला जितके अर्थ जडले तितकी त्या समाजाच्या व्यवहाराची अंगं त्यात उमटली आहेत असं मानलं. अमेरिकेतल्या जॉर्ज झिफनं १९४५ साली दाखवलं की जो शब्द जास्त वापरात असतो त्याचे अर्थही सहसा जास्त असतात. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०११ साली ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्यानं केली तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले. ‘रन’ हा इंग्रजीतला सर्वांत साध्या, सर्वांत राबत्या शब्दांपैकी एक. विद्वानांच्या कपाटातल्या शब्दांना एकच अर्थ असतो, कारण त्यांना फारसं कुणी हाक मारत नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत बळकट पुरावाही मी इथंच ठेवतो, कारण तो टाळून वाद जिंकण्यात अर्थ नाही. ब्रिटिश पार्लमेंटच्या मध्यभागी एक मेज असतं. कागद त्यावर ठेवले की ते सभागृहाच्या कामकाजात आले. म्हणून ब्रिटनमध्ये एखादी गोष्ट ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला आणणं. अमेरिकेत तेच क्रियापद चर्चा बाजूला ठेवण्यासाठी वापरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्ही देशांचे अधिकारी एकत्र बसले असताना ब्रिटिशांनी एक टिपण तातडीचं म्हणून ‘टेबल’ करायला सांगितलं, आणि महत्त्वाचं आहे म्हणूनच अमेरिकनांनी त्याला विरोध केला. बराच वेळ तिखट वाद झाला आणि मग कळलं की दोघांना एकच गोष्ट हवी होती. ही हकिगत चर्चिल यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

हा घोटाळा खरा आहे. पण तो कशामुळं झाला ते पाहा. लंडनमधल्या खासदाराचा गोंधळ होत नाही, वॉशिंग्टनमधल्या सिनेटरचाही होत नाही. दोन समाजांच्या दोन प्रथा एका खोलीत आल्या तेव्हा अडचण झाली. असं आपल्याकडेही होतं : मराठीत ‘शिक्षा’ ऐकून दचकणारा माणूस हिंदीत ‘शिक्षा’ घ्यायला आनंदानं जातो. आपल्या विधिमंडळात कागद ‘पटलावर’ ठेवले जातात, ब्रिटिश अर्थानं, आणि तिथं काही अडत नाही. कायदा, औषध, यंत्र यांच्या भाषेत प्रत्येक शब्दाची सीमा आखून घ्यावी लागते हे मला पूर्ण मान्य आहे. पण ती आखणी व्याख्येनं होते. त्यासाठी दर वेळी अनोळखी शब्द घडवावा लागत नाही.

आणि इथं मी माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. ‘एक शब्द, एक अर्थ’ ही नेमकेपणाची कल्पना आपण इतकी उराशी धरली की नव्या गोष्टीसाठी जुना शब्द ताणायची आपल्या लिहित्या वर्गाला भीती वाटू लागली. इंग्रजीनं संगणकाच्या जगात खिडकी, उंदीर, फाइल, टेबल या घरातल्या वस्तू आणून ठेवल्या. आपण मात्र नवी वस्तू दिसली की आधी धातू आणि उपसर्ग शोधायला बसतो.

एका तालुक्याच्या कचेरीत फेरफाराच्या नोंदीसाठी आलेल्या आजींना शिपाई सांगत होता, “आजी, तुमचं काम खिडकीजवळच्या टेबलाकडं. पण ते टेबल आज रजेवर हाय. सोमवारी या.” आजींनी पदर सावरत विचारलं, “आन् सोमवारपत्तुर त्या टेबलाची बदली झाली म्हंजी?” शेजारच्या टेबलानं मान वर करून सांगितलं की बदली जूनमध्ये होते, काळजी करू नका. त्या आजी टेबलाशी बसून कधी जेवल्या असतील असं मला वाटत नाही. पण या शब्दाला आपल्या कचेऱ्यांनी दिलेला अर्थ, म्हणजे विशिष्ट काम सांभाळणारा कारकून, त्यांनी क्षणात पकडला आणि त्याची बदलीही करून दाखवली. हा अर्थ अस्सल मराठी आहे. तो या मातीतल्या माणसांनी आपल्या अनुभवातून घडवला. ‘टेबलाखालून’ म्हणताना आपण काय भोगलेलं असतं ते वेगळं सांगायला नको.

याच गोष्टीला मंत्रालयाच्या भाषेत ‘कार्यासन’ म्हणतात. शब्द शुद्ध आहे, अर्थ एकच आहे, शासननिर्णयात तो नेमानं येतो. पण कार्यासन रजेवर जात नाही, कार्यासनाखालून काही सरकत नाही, कार्यासनाशी कुणाचं भांडण होत नाही. १९६४च्या राजभाषा अधिनियमाच्या मागंपुढं परिभाषेचं मोठं काम झालं आणि ते करणाऱ्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. सावरकरांनी सुचवलेले दिनांक, महापौर यांसारखे शब्द लोकांनी उचलले हेही खरं. पण कोशातच राहिलेल्या शब्दांची संख्या फार मोठी आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांचा दोष हा, की ते एकाच कामापुरते जन्मले आणि त्या कामाला माणूस कधी त्यांच्यापर्यंत गेलाच नाही.

जिथं कष्टकऱ्यांनी शब्द ताणले तिथं काय झालं ते पाहा. छापखाना आला तेव्हा शिशाच्या अक्षरांना मराठी कामगारांनी ‘खिळे’ म्हटलं आणि ते जुळवणाऱ्याला ‘जुळारी’. आगगाडी आली तेव्हा जेवणाच्या डब्याचाच शब्द गाडीला जोडला. आज मुंबईत डबेवाले डब्यात डबे घेऊन चढतात आणि वाक्य सरळ समजतं. कांदा साठवायची लांबट, हवेशीर मांडणी उभी राहिली तेव्हा शेतकऱ्यांनी चाळीचाच शब्द पुढं चालवून तिला ‘कांदाचाळ’ म्हटलं, आणि सरकारला आपल्या अनुदानाच्या योजनेतही तोच शब्द घ्यावा लागला. थेंबाथेंबानं झाडाच्या मुळाशी पाणी देणारी नळी आली, तिला शेतकरी ‘ठिबक’ म्हणतो. ठिबकणं हे छपरातल्या पाण्याचं क्रियापद. त्याचं नाम झालं, तंत्र झालं, बाजार झाला. ‘उसाला ठिबक केलंय’ या तीन शब्दांत जे येतं ते ‘सूक्ष्म सिंचन’ म्हणून कुणी बोलत नाही, कागदावर लिहितात तेवढंच.

‘गोलमेज’ आठवा. १९३० ते १९३२ या काळात लंडनला गोलमेज परिषदेची तीन अधिवेशनं झाली. गांधीजी १९३१च्या दुसऱ्या अधिवेशनाला गेले, डॉ. आंबेडकर तिन्ही वेळा हजर होते, आणि त्यांच्या चरित्राबरोबर हा शब्द महाराष्ट्रातल्या वस्तीवस्तीत पोहोचला. ‘मेज’ आज मराठी घरात कुणी म्हणत नाही. फारसीत मेझ, पोर्तुगिजांचं मेसा. तोही शब्द बाहेरचाच. पण आरक्षणाच्या किंवा शेतमालाच्या भावाच्या प्रश्नावर कार्यकर्ते आजही गोलमेज परिषद भरवतात, सभागृहात खुर्च्या ओळीनं मांडून, मेज नसतानाही. सगळे समान पातळीवर बोलतील, एवढा अर्थ त्या शब्दात उरलाय आणि तोच त्यांना हवा असतो. टाळ्या घेणाऱ्या वक्त्याच्या यादीत ‘मेज’ एका लाकडी वस्तूचं नाव म्हणून येतं. त्याचं जिवंत काम मात्र या परिषदांमध्ये चालू आहे, आणि ते त्या यादीत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : मग सगळेच इंग्रजी शब्द घ्या, मराठीची गरज काय? हा आक्षेप माझ्या म्हणण्याला लागत नाही. मला ‘टेबल’चं कौतुक ते इंग्रजी आहे म्हणून नाही. त्यानं इंग्रजीत जे केलं ते आपल्या फळीनं, पाटीनं, डब्यानं, चाळीनं मराठीत केलेलं आहे आणि ते शब्द अजूनही करू शकतात. त्यांना ते करू द्या, एवढीच मागणी आहे. भाषेचा अभिमान सांगणारे लोक नेमक्या याच शब्दांना ‘एक अर्थ पुरे’ म्हणून थांबवतात, तेव्हा मोकळी राहिलेली जागा इंग्रजी शब्द घेतात. त्या शब्दांना कुणी थांबवलेलं नसतं.

शाळेच्या पुस्तकापासून सुरुवात करता येईल. ‘खालील तक्ता पूर्ण करा’ हे वाक्य मराठी माध्यमाचं मूल पहिल्या इयत्तांपासून वाचतं. रकाने, ओळी, कुठं काय भरायचं, सगळं त्याला त्या एका शब्दातून कळतं. त्याच मुलाला गणितात संख्याशास्त्राचा धडा आला की ‘वारंवारता वितरण सारणी’ समोर येते. तेच रकाने, त्याच ओळी. ‘तक्ता’ कुठं कमी पडला म्हणून तिथं ‘सारणी’ आणावी लागली, याचं उत्तर पाठ्यपुस्तक मंडळांनी द्यावं. माझ्या मते तो कमी पडलेला नाही. स्वाध्यायात चालणारा शब्द धड्याच्या मथळ्यालाही चालवावा.